पहिला ड्रोन पडणारच, त्याला पडायला जागा द्या

दहावीचा निकाल लागला की, किंवा दिवाळीचा बोनस हातात आला की, पालक माझ्याकडे येतात. मी शिरूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर मुलांना छोटे ड्रोन उडवायला, उघडायला आणि दुरुस्त करायला शिकवते, हे आता आसपासच्या गावांत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरगं ड्रोन मागतंय. कोणता घेऊ?" हातातल्या मोबाइलवर चित्रही ठरलेलं असतं: घडीचे चार पाय, पुढे मोठं भिंग, खाली '४के कॅमेरा' असं लिहिलेलं आणि किंमत दोन-अडीच हजार.

माझं उत्तर असं असतं. तळहातावर मावेल एवढाच घ्या. पंख्यांभोवती कडं असलेला घ्या. कॅमेरा नसलेला घ्या. आणि वाचलेल्या पैशांत दोन जादा बॅटऱ्या आणि पंख्यांचे दोन-तीन संच घेऊन ठेवा. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. कॅमेराच नसेल तर त्याचा उपयोग काय, असं ते विचारतात. त्या किमतीत खरा ४के कॅमेरा बसत नाही, छोटं चित्र ताणून मोठं केलेलं असतं, हे सांगितलं तरी समाधान होत नाही. ड्रोन म्हणजे वरून काढलेला व्हिडिओ, लग्नातला आणि मिरवणुकीतला, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मला मुलांनी व्हिडिओ काढावेत असं वाटत नाही असं नाही. पण आधी हात बसला पाहिजे, आणि हात बसायचा तर ड्रोन पुष्कळदा पडला पाहिजे. महागडा ड्रोन पडू देता येत नाही. पंचवीस-तीस हजारांचं यंत्र हवेत असताना मूल भीतीने उडवतं आणि बाप त्याच्या मागे उभा राहून ओरडत असतो. शिवाय त्या यंत्रात जीपीएस असतं. रिमोटवरचे हात सोडले तरी ते हवेत एका जागी उभं राहतं. मूल फक्त त्याला इकडून तिकडे नेतं, उडवतो तो आतला संगणक. एखाद्या दिवशी पत्र्याच्या शेडजवळ त्याचं होकायंत्र गोंधळलं किंवा उपग्रहांचा सिग्नल गेला, की यंत्र वाऱ्याबरोबर सरकायला लागतं आणि हातात रिमोट असलेल्या मुलाला काय करायचं ते कळत नाही. तीस-चाळीस ग्रॅमच्या स्वस्त ड्रोनला असा आधार नसतो. तो सतत सरकतो, सतत सावरावा लागतो. कैचीतून सायकल शिकलेल्यांना मी काय म्हणते आहे ते लगेच कळेल.

रिमोटला दोन दांड्या असतात. डावी पुढे ढकलली की ड्रोन वर जातो, मागे ओढली की खाली येतो. तीच आडवी हलवली की तो जागच्या जागी तोंड फिरवतो. उजवी दांडी पुढे-मागे केली की ड्रोन पुढे-मागे जातो, आडवी केली की त्या बाजूला सरकतो. पाचवीतलं मूलसुद्धा हे दोन मिनिटांत पाठ म्हणून दाखवतं. पण ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, आणि पाठ केलेलं सगळं तिथे संपतं. भिंत जवळ येत असते, मूल घाईने दांडी उलट्या बाजूला दाबतं आणि ड्रोन जोरात भिंतीवर जाऊन आपटतो. हे व्हायला हवं. बोटांना दिशा कळायला दुसरा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिले काही दिवस पुढे जायचंच नसतं. ड्रोनची शेपटी आपल्याकडे ठेवायची, छातीच्या उंचीवर तो उभा करायचा आणि एक बॅटरी संपेपर्यंत फरशीच्या एकाच चौकोनावर ठेवायचा प्रयत्न करायचा. नवशिका भीतीपोटी तो जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवू पाहतो. तिथे पंख्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत यंत्राखालीच घोटाळते आणि ते जास्त डगमगतं. वर घेतलं की ते शांत होतं, हे मुलांनी स्वतः करून पाहिलं की त्यांचा विश्वासच बसत नाही. शेपटी आपल्याकडे ठेवून जमलं की तोंड आपल्याकडे करून तेच करायचं. मग चौकोन, मग दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा, आणि शेवटी वहीच्या एका पानावर उतरवणं. उतरताना सरळ खाली येऊ नये, थोडं पुढे सरकत यावं. नाहीतर ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत शिरतो आणि हेलकावे खातो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावते. ड्रोन कशाला धडकला, की डावी दांडी लगेच खाली. मुलांचा हात उलट जातो. पडतोय असं दिसलं की ती आणखी जोर देतात. पडद्यात किंवा गवतात पंखा अडकलेला असतो, मोटरला फिरता येत नाही, वीज मात्र जात राहते आणि काही क्षणांत मोटर जळते. या छोट्या मोटरी तशाही काही तास चालल्या की झिजतात. नवीन मोटर मिळते, पण ती जोडायला सोल्डरिंग यावं लागतं, आणि मग मुलं सोल्डरिंग शिकतात. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग शोधायला गेलेली मुलं परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात व्होल्ट आणि अँपिअर असतात. नववीच्या पुस्तकातून हे मी कितीही जीव तोडून शिकवलं तरी एवढं होत नाही.

डब्यावर दोन बटणांची फार जाहिरात असते, त्यांबद्दल सांगायला हवं. एक 'हेडलेस मोड'. त्यात ड्रोनचं तोंड कुठेही असो, दांडी जिकडे ढकलाल तिकडे तो जातो. सोपं वाटतं, पण जे शिकायचं तेच त्यात राहून जातं. दुसरं 'परत या' बटण. जीपीएस नसलेल्या ड्रोनला आपण कुठून उडालो हे माहीतच नसतं. तो फक्त उडताना ज्या दिशेला तोंड होतं तिच्या उलट दिशेने मागे येत राहतो. वारा आडवा असेल तर तो आपल्याला ओलांडून शेजारच्या वावरात जातो. या बटणावर विसंबून हरवलेले ड्रोन मी बरेच पाहिले आहेत.

चार पंख्यांच्या यंत्राची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डी बोथेझॅट यांनी तिथल्या लष्करासाठी बांधलेलं असं अवाढव्य यंत्र माणसाला घेऊन जमिनीवरून उठलं होतं. ते फार पुढे गेलं नाही. रचना गुंतागुंतीची होती आणि चारही पंख्यांचा तोल सांभाळताना वैमानिकाची दमछाक होई. तो तोल आज काही मिलिमीटरची चिप सांभाळते. ड्रोन किती कलला, किती वेगाने वळला हे ती सेकंदाला शेकडो वेळा मोजते आणि त्याप्रमाणे चार मोटरींचा वेग वेगवेगळा ठेवला जातो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उरलेले दोन उलटे. त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. पंख्यांवर ए आणि बी अशी अक्षरं असतात ती यासाठी. बदलताना ती चुकली की ड्रोन उडायच्या जागी जमिनीवर कोलांटी मारतो. अशा चिपा स्वस्त झाल्या त्या स्मार्टफोनमुळे. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ते अशाच संवेदकामुळे, आणि असे फोन कोट्यवधींनी बनायला लागले तेव्हा ते संवेदक खेळण्यातही परवडू लागले.

आपल्याकडे २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी जाऊन थांबणारं कॅमेऱ्याचं यंत्र सगळ्यांनी पाहिलं. ते आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचं होतं. त्याच आयआयटीच्या आवारातून पुढे आलेल्या द्रोणा एव्हिएशनने 'प्लूटो' नावाचा छोटा ड्रोन केला. तो सुटा येतो, मुलांनी जोडायचा, फोनवरून उडवायचा आणि हवं तर त्याच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायचा. माझ्या मते कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत बंद कपाटातल्या दुर्बिणीइतकाच याला मान असायला हवा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना त्यातून वगळलं आहे आणि सुटे भाग आणायला मोकळीक आहे. म्हणजे इथे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकलेल्या मुलांना पुढे काम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा जीएसटी सरसकट पाच टक्क्यांवर आणला. त्याआधी वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर तो २८ टक्के होता.

बॅटरीबद्दल मी कठोर आहे. या ड्रोनमधली लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्टची असते. ती पार रिकामी होईपर्यंत उडवू नये, भरलेली महिनाभर कपाटात ठेवू नये. ठेवायची तर साधारण ३.८ व्होल्टवर ठेवावी. उडवून झाल्यावर ती गरम असते, निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, उशाशी नाही, रात्रभर तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती विसरू नये. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी बाद. तिला टाचणी टोचून हवा काढायचा प्रयत्न मुलं करतात, आणि तिथे आग लागते. वर्गात माझा एकच नियम असा आहे की जो मोडला तर महिनाभर रिमोट मिळत नाही, आणि तो बॅटरीचा आहे.

शिकवायला जागा म्हणून मी चातुर्मासात मंगल कार्यालय मागते. लग्नाच्या तिथी नसतात, हॉल रिकामा असतो, बाहेर पाऊस आणि वारा असतो. मालक मोठ्या मनाने किल्ली देतात. छताचे पंखे बंद करायचे, खुर्च्या भिंतीला लावायच्या, की त्याहून चांगली जागा नाही. दिवाळीनंतर बाहेर यायचं, तेही सकाळी ऊन चढायच्या आत, कारण दुपारी जमीन तापली की वारा सुटतो. उन्हाळ्यात तर वावटळ कुठून येते कळत नाही.

बाहेर आल्यावर इंटरनेटवरच्या कुठल्याही व्हिडिओत न सांगितलेल्या गोष्टी समोर येतात. आमच्याकडे ऊस आहे. दहा फुटी उसात ड्रोन पडला की तो दिसत नाही, आणि त्या उसात बिबट्या असू शकतो. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या माणसांना हे वेगळं समजावावं लागत नाही. उसात पडलेला ड्रोन उसातच राहू द्यायचा, तोडणी होईपर्यंत. दीड हजारांच्या खेळण्यासाठी कुणी फडात शिरणार नाही, ही शपथ मी मुलांकडून आणि त्यांच्या आईकडून घेते. स्वस्त ड्रोनचा हाही एक फायदा आहे, तो सोडून देता येतो. कठडा नसलेल्या विहिरी आहेत. वर पाहत मागे मागे चालणारं मूल विहिरीत जाऊ शकतं, म्हणून उडवणाऱ्याच्या शेजारी एक जण फक्त जमिनीकडे पाहणारा हवा. महावितरणच्या तारा आहेत. तारेवर अडकलेला ड्रोन काठीने काढायचा नाही. आणि घारी आहेत. हिवाळ्यात घरटं असलेल्या झाडाजवळ उडवलं तर घार झेप घेते. ती आपल्या पिलांसाठी भांडत असते, तिथून आपणच निघायचं.

आता कायद्याचं. लोक मला विचारतात की हे सगळं बेकायदा तर नाही ना. गोंधळ होण्यासारखीच परिस्थिती होती. मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झाच्या दुकानाने ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखवला आणि पोलिसांची चौकशी ओढवून घेतली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सामान्य नागरिकांनी ड्रोन उडवण्यावरच बंदी जाहीर केली. १ डिसेंबर २०१८ पासून परवानग्यांसह उडवायला वाट मिळाली, पण कागद इतके होते की छंद म्हणून उडवणारा त्या वाटेला जात नसे. ऑगस्ट २०२१ मध्ये 'ड्रोन नियम' आले आणि चित्र बदललं. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो, त्यापुढे दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. नॅनो उडवायला, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रो उडवायलाही, वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. देशाचा नकाशा हिरवा, पिवळा, लाल अशा पट्ट्यांत केंद्र सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर दिला आहे. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगी मागावी लागत नाही, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

हे नियम मला बऱ्यापैकी शहाणे वाटतात. अडचण जमिनीवर आहे. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकीला लष्कराच्या संस्था, खडकवासल्याला एनडीए. मुंबईत विमानतळ, नौदल आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र. शिवाय पोलीस वेळोवेळी आदेश काढून शहरात ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट यांना बंदी घालतात, आणि ती घालण्यामागची कारणं मला पटतात. किल्ल्यांवर न्यावा तर शिवनेरीसारखे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे परवानगी लागते. भीमाशंकरच्या जंगलात वनखात्याची लागते. हेही बरोबर आहे. पण 'इथे नको' असं सांगणाऱ्या पाट्या सगळीकडे लागल्या असताना 'इथे उडवा' असं सांगणारी एक तरी पाटी महाराष्ट्रात कुठल्या नगरपालिकेने लावावी, असं मला मनापासून वाटतं. मुलाला जागा दिली नाही तर ते उडवायचं थांबत नाही. ते गच्चीवर जातं, रस्त्यावर जातं, गर्दीच्या मिरवणुकीत जातं, आणि तिथे पडलेला ड्रोन कुणाच्या तरी डोळ्यात जातो.

दुसरी अडचण मनातल्या भीतीची आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात, आणि नगर, बीड, जालना, संभाजीनगरच्या खेड्यांत, रात्री आकाशात ड्रोन फिरतात आणि चोर त्यातून टेहळणी करतात, अशी दहशत पसरली होती. लोक काठ्या घेऊन रात्र रात्र जागत. पोलिसांना गावोगाव समजावत फिरावं लागलं. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयांनी घरातले छोटे ड्रोन धान्याच्या कोठीत लपवले. चार बोटांचा, सात मिनिटं उडणारा, पन्नास मीटरपलीकडे रिमोटचं न ऐकणारा ड्रोन! पण तो हातात दिसला तर पोराला मार बसेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

तेव्हा मी गावच्या पारावर बसून जे सांगितलं ते इथेही सांगते. चार पंख्यांचा बॅटरीवरचा ड्रोन तासन् तास एका जागी उभा राहत नाही. चांगला महागडासुद्धा अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरवावा लागतो. तो जवळ असेल तर त्याचा आवाज येतो, शांत रात्री तर नक्की येतो. आणि आकाशात सरकणारा प्रत्येक दिवा ड्रोनचा नसतो, विमानं आणि उपग्रहही आपल्या डोक्यावरून जातात. माझ्या शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलीने पंखे काढलेला ड्रोन म्हाताऱ्यांच्या हातात दिला, बॅटरी किती ती दाखवली, आणि ती किती वेळ चालते ते घड्याळ लावून दाखवलं. त्या रात्री त्या आळीतले लोक झोपले. ज्या गावात चार मुलांना ड्रोन उघडता येतो, त्या गावाला अफवा तपासता येते. मला या छंदाचं एवढं महत्त्व वाटतं ते म्हणून.

कॅमेरा पहिल्या ड्रोनला नको असं मी म्हणते त्याचं खरं कारणही गावातच आहे. आमच्याकडे न्हाणीघराला अजून अनेक घरांत छत नसतं. बायका गच्चीवर केस वाळवतात, ओढ्यावर धुणं धुतात. वरून पाहणारा डोळा आला की त्यांची ही मोकळीक जाते. आपण कुणाच्या घरावरून जातो आहोत हे समजायला लागण्याआधी मुलाच्या हातात उडता कॅमेरा देणं मला मान्य नाही. दोन वर्षं बिनकॅमेऱ्याचा उडवलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. त्यांना उडण्याचाच नाद लागलेला असतो, पाहण्याचा नाही. अशा मुलांनी पुढे कॅमेऱ्याचा घ्यावा, खुशाल घ्यावा.

आणि मुली. वर्गात नवा ड्रोन निघाला की रिमोट मुलांच्या हातात जातो आणि मुली टाळ्या वाजवायला उभ्या राहतात. माझ्याकडे पहिली बॅटरी मुलींची असते आणि यावर चर्चा होत नाही. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं आहे. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, अनुदान आहे, आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. योजना चांगली आहे. पण पस्तिशीच्या बाईने आयुष्यात कधी रिमोटला हात लावलेला नसताना पंधरा दिवसांत औषधाची टाकी घेऊन उडणारं लाखो रुपयांचं यंत्र तिच्या ताब्यात द्यायचं, तर तिचा हात कापणारच. तिची मुलगी आज मंगल कार्यालयात तीस ग्रॅमचा ड्रोन भिंतीवर आपटत असेल, तर दहा वर्षांनी तिचा कापणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. राज्यात तालुका क्रीडा संकुलं आहेत. त्यांच्या मैदानावर सकाळी धावणारे असतात, क्रिकेट असतं, पण रविवारी पहाटेनंतरचे दोन तास एक कोपरा बाजूला ठेवता येतो. ज्या संकुलाची जागा नकाशात हिरव्या पट्ट्यात येते तिथे तो कोपरा छोट्या ड्रोनसाठी जाहीर करावा. २५० ग्रॅमपर्यंतचेच, पंख्यांना कडं असलेले, डोळ्यांना दिसतील एवढ्याच अंतरावर, झाडाच्या उंचीच्या आत. एक शिक्षक किंवा पालक हजर असावा. पोलीस ठाण्याला आधीच पत्र दिलेलं असावं, म्हणजे कुणी घाबरून फोन केला तर तिकडच्या हवालदाराला उत्तर माहीत असेल. ज्या गावात संकुल नाही तिथे शाळेचं पटांगण आहे, ग्रामपंचायतीच्या ठरावावर ते रविवारी उघडता येतं.

आमच्या शाळेने या पत्राचा मसुदा केला आहे. त्यात मैदानाचं ठिकाण, त्या ठिकाणचा डिजिटल स्कायवरचा पट्टा, वेळ, ड्रोनचं कमाल वजन, जबाबदार शिक्षकांची नावं आणि मुलांच्या पालकांच्या सह्या एवढंच आहे. शाळेच्या शिक्क्यानिशी एक प्रत तहसीलदारांना, एक पोलीस ठाण्याला आणि एक सरपंचांना द्यायची. शेजारच्या तीन शाळांनी तो उतरवून नेला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनीही न्यावा, आणि आपल्या गावात विहीर, तारा आणि ऊस कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा मागच्या पानावर जोडावा.